पत्र्याच्या पलीकडचा हात

(म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात, शहरात शिकणाऱ्या आणि नोकरीनिमित्त आलेल्या मराठी तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



आपण बसलोय त्या मोहल्ल्याच्या नावातच लष्कर आहे. पुण्याहून आलेल्यांना त्याचं नवल वाटणार नाही, तिथेही जुनी माणसं कॅम्पला लष्करच म्हणतात. आणि लष्कर म्हटलं की आपल्या घरांत दोन गोष्टी हमखास निघतात, भीमा कोरेगाव आणि सुभेदार रामजी. त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज लष्कराच्या मागे उभ्या असलेल्या कारखान्याबद्दल बोलणार आहे. या खोलीतले निम्म्याहून जास्त लोक इंजिनिअर किंवा आयटीवाले आहेत आणि बहुतेक जण घरातले पहिलेच पदवीधर आहेत. म्हणजे तुमच्या आधीच्या पिढीतला कोणी ना कोणी कारखान्याच्या गेटमधून आत गेला, म्हणून तुम्ही आज लॅपटॉप उघडून बसलात. ते गेट कधी उघडलं, का उघडलं, आणि बंद का झालं नाही, हे बघायचं आहे.

उदाहरण घेतो ते इथलंच, जुन्या म्हैसूर संस्थानातलं. बंगळूरचा विमान कारखाना. आज त्याला हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणतात. २३ डिसेंबर १९४० ला नोंदणी झाली तेव्हा नाव होतं हिंदुस्तान एअरक्राफ्ट लिमिटेड. काढणारे आपल्या सोलापूरचे, वालचंद हिराचंद. सिंधिया जहाज कंपनी त्यांची, वालचंदनगरचा साखर कारखाना त्यांचा. १९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन व्यापाऱ्याशी पडली. पॉली चीनला विमानं विकत होता आणि तिथे विमानं जोडायचा कारखानाही चालवत होता. युद्ध सुरू झालेलं होतं. वालचंदांनी विचारलं, भारतात असा कारखाना का नको? ब्रिटिश सरकार आधी टाळाटाळ करत होतं, मग गरजेपोटी राजी झालं. म्हैसूर संस्थानाने बंगळूरच्या पूर्वेला ७०० एकर जमीन आणि २५ लाखांचं भांडवल दिलं. दिवाण होते सर मिर्झा इस्माईल.

म्हैसूरच का, तर इथे तयारी होती. शिवनसमुद्रमची वीज १९०२ मध्येच कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोचली होती. भद्रावतीला लोखंड होतं, बंगळूरला टाटांची विज्ञान संस्था होती. पुस्तकांत एवढं सगळं येतं. माझ्याकडून एक भर घाला: ती वीज ज्या खाणींसाठी ओढली, त्या खाणींत खाली उतरणारी बहुसंख्य माणसं तमिळ प्रदेशातून आलेली दलित माणसं होती. हे संस्थान आधुनिक झालं त्याच्या पायाशी हे हात आहेत. आणि हेच ते संस्थान, जिथे ब्राह्मणेतरांना नोकऱ्यांत वाटा द्यावा की नाही यासाठी १९१८ मध्ये मिलर समिती बसली आणि त्याच वादात सर विश्वेश्वरय्यांनी दिवाणपद सोडलं. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी ५० टक्के जागा राखून त्याला तेव्हा १६ वर्षं झाली होती. विश्वेश्वरय्यांचे पुतळे तुम्हाला कर्नाटकात जागोजागी दिसतील. धरणाबद्दल त्यांना मान द्या, पण हा भागही लक्षात ठेवा.

तर कारखाना उभा राहिला. अमेरिकेतून सुटे भाग, यंत्रं आणि काही तंत्रज्ञ आले. १९४१ च्या पावसाळ्यात हार्लो जातीचं पहिलं शिकाऊ विमान इथे जोडून उडालं. मग कर्टिस हॉक हे लढाऊ विमान, ते उडालं ३१ जुलै १९४२ ला. व्हल्टी कंपनीच्या बॉम्बफेकी विमानांचीही मागणी नोंदवलेली होती. पण त्याआधीच १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून गेलं, एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले. त्याच एप्रिलमध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. नवीन विमानं जोडण्यापेक्षा मोडलेली दुरुस्त करणं निकडीचं झालं. १९४३ मध्ये कारखान्याचा कारभार अमेरिकन हवाई दलाकडे गेला. बी-२५ बॉम्बर, सी-४७ ही मालवाहू विमानं, कॅटलिना ही पाण्यावर उतरणारी विमानं इथे दुरुस्तीला यायची. कॅटलिना बेळ्ळंदूरच्या तळ्यात उतरायच्या. ज्या तळ्यावर आज फेस येतो आणि ज्याच्या भोवती तुमच्यापैकी काहींची ऑफिसं आहेत, तेच तळं.

कामगारांची संख्या हजारोंच्या घरात गेली. एवढी माणसं विमानाचं काम जाणणारी कुठून आणणार? मिळाली नाहीत, घडवली. गावातून, खाणीतून, गिरणीतून, सुतारकाम-लोहारकामातून आलेल्या माणसांना काही आठवड्यांत ड्रिल धरायला शिकवलं. हे कसं शक्य होतं ते सांगतो, कारण इंजिनिअर असूनही तुमच्यापैकी अनेकांनी रिव्हेट मारलेलं नसेल.

त्या काळातलं विमान म्हणजे आतून सांगाडा आणि वरून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा. पत्रा सांगाड्याला रिव्हेटने जोडायचा. हजारो भोकं आणि हजारो रिव्हेट. भोकं कुठे पाडायची हे कामगाराने ठरवायचं नसतं, ते जिगमध्ये आधीच ठरलेलं असतं. जिग म्हणजे साचा धरून ठेवणारी चौकट. त्यामुळे अक्षर न वाचणाऱ्या माणसाच्या हातूनही भोक बरोबर जागी पडतं. काही रिव्हेट असे असतात की भट्टीतून काढल्यावर थोडाच वेळ मऊ राहतात, नंतर कडक होतात आणि ठोकताना चिरतात. म्हणून ते बर्फासारख्या थंडीत ठेवतात, लागतील तेवढेच बाहेर काढतात. ते वेळेत आणून देणारा एक हेल्पर असतो. त्याच्या हातून उशीर झाला तर रांगच्या रांग वाया.

आणि रिव्हेट एकट्याने बसत नाही. एक जण पत्र्याच्या बाहेरून हवेच्या दाबावरची गन धरतो. दुसरा आतून, सांगाड्यात वाकून, लोखंडाचा जड ठोकळा रिव्हेटच्या शेपटीला टेकवून धरतो. त्या ठोकळ्याला आपल्याकडे डॉली म्हणतात. गनवाल्याला आतला दिसत नाही. आवाज एवढा की बोलणं ऐकू येत नाही. मग आतला पत्र्यावर टकटक करून सांगतो, झालं की अजून एक ठोका पाहिजे की काढून टाक. दोघांचे हात एकमेकांना कळले तरच रिव्हेट नीट बसतं. डॉली तिरपी धरली तर शेपटी वाकडी होते आणि तो सांधा हवेत दगा देतो.

मी स्वतः आयटीआय फिटर. विमान नाही, पण बसच्या बॉडी बांधणाऱ्या एका खासगी कारखान्यात मी अडीच वर्षं डॉली धरली. माझा गनवाला वयाने मोठा, हुशार माणूस. पत्र्याच्या पलीकडून त्याने कधी माझं आडनाव विचारलं नाही, माझी टकटक त्याला पुरत होती. जेवणाच्या सुट्टीत मात्र तो वेगळ्या बाकावर. माझ्या डब्याशेजारी त्याचा डबा अडीच वर्षांत एकदाही आला नाही. भांडण नाही, शिवी नाही, काही नाही. मला वाटतं आपल्यातल्या बहुतेकांचा जातीचा अनुभव असाच असतो, तक्रारीत लिहिता येणार नाही असा. हे सांगितलं ते सहानुभूतीसाठी नाही. एकत्र काम केल्याने जात आपोआप जाते, असं जे आपल्याला शाळेपासून ऐकवलं जातं, ते मी पत्र्याच्या आतल्या बाजूने तपासून पाहिलेलं आहे. यंत्राला जात कळत नाही हे खरंच आहे. पण यंत्रावर कुणाला उभं करायचं ते यंत्र ठरवत नाही.

मुंबईच्या गिरण्या बघा. यंत्रं मँचेस्टरची, युनियन लाल बावट्याची. तरी विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि महाराचं तोंड लागलेला धागा सवर्ण विणकराला चालत नसे. विणकामात पगार जास्त, म्हणून तो बाट फार महागडा होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला, कामगार पुढाऱ्यांना तो गैरसोयीचा वाटला. पुढे १२-१३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचं त्यांनी सांगितलं. ते वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्याच भाषणात रेल्वेच्या नोकऱ्यांचा जो हिशोब त्यांनी मांडला तो फारसं कुणी वाचत नाही. अस्पृश्य माणूस रुळावर गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला स्टेशनवर पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं, आणि घरात हा चालत नाही.

आता हे अमेरिकेशी ताडून पाहा, कारण बंगळूरला येणारी विमानं तिथल्या कारखान्यांत बनत होती. तिथे काळ्या माणसांना रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत पोर्टर म्हणूनच ठेवत. गोऱ्यांची अंथरुणं घाला, बूट पुसा. म्हणजे त्यांना तेच काम दिलं जाई जे इथे आपल्याला नाकारलं जाई. भेद उलट-सुलट, पण हिशोब एकच. विमान कारखान्यांत तर सरळच नकार. व्हल्टी कंपनीने १९४० मध्ये लेखी कळवलं होतं की गोऱ्या वंशाबाहेरची माणसं घेण्याचं आमचं धोरण नाही. बी-२५ बनवणाऱ्या नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या अध्यक्षांनी १९४१ मध्ये सांगितलं की काळ्यांना आम्ही सफाईच्या वगैरे कामावर घेऊ, विमानाच्या कामावर नाही, मग त्यांनी कितीही प्रशिक्षण घेतलेलं असो. शेवटचं वाक्य लक्षात घ्या. ‘लायकी नाही’ असं ते म्हणत नव्हते. लायकी असली तरी नाही, असं म्हणत होते. ‘मेरिट’ या शब्दावर वाद घालताना हे उदाहरण खिशात ठेवा.

मग त्या पोर्टर लोकांच्याच युनियनचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी जाहीर केलं की हजारो काळे कामगार वॉशिंग्टनवर मोर्चा आणतील. मोर्चाच्या धास्तीने अध्यक्ष रूझवेल्ट यांनी २५ जून १९४१ ला हुकूम काढला: संरक्षण उद्योगांत वंशभेद करायचा नाही. मोर्चा निघायच्या आधीच हुकूम निघाला. हुकमाने सगळं सरळ झालं नाही, पण दार किलकिलं झालं. पुढच्याच वर्षी, ३१ जानेवारी १९४२ ला, ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या काळ्यांच्या वर्तमानपत्रात जेम्स थॉम्पसन या २६ वर्षांच्या तरुणाचं पत्र छापून आलं. त्याने दोन विजयांची मागणी केली, एक परक्या शत्रूवर आणि एक घरच्या वंशभेदावर. त्या पत्रातून देशभर मोहीम उभी राहिली. हा थॉम्पसन कुठे काम करत होता? सेसना या विमान कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. विमानाला हात लावायची परवानगी नसलेला माणूस विमान बांधणाऱ्यांना जेवण वाढत होता. बाबासाहेबांना ही माणसं परकी वाटत नव्हती. १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांतर्फे द्यायच्या निवेदनाची प्रत मागवली होती.

इकडे परत येऊ. युद्ध आलं की दार उघडतं, हे आपल्या लोकांना नवीन नव्हतं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये मोडून टाकली. दुसरं युद्ध आलं, १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट पुन्हा उभी. गरज सरो, वैद्य मरो. कारखान्यांचंही तेच होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. उलट युद्धकाळात कामगाराला आत घेणारं दार बाहेर सोडत नव्हतं. १९४० चा तांत्रिक मनुष्यबळाचा वटहुकूम आणि १९४१ चा अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम यांमुळे कुशल माणसाला मर्जीने नोकरी सोडता येत नव्हती, आणि संपाला भारत संरक्षण नियमांचं कुंपण होतं. म्हणजे हवे तेव्हा धरा, नको तेव्हा सोडा.

फरक पडला तो जुलै १९४२ मध्ये. ज्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी बंगळूरला कर्टिस हॉक उडालं, त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले. विमान कारखाना त्यांच्या खात्यात नव्हता, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. आपल्याकडे उत्साहात सगळंच बाबासाहेबांच्या नावावर जमा करतात, त्याची गरज नाही. त्यांच्या खात्यात जे होतं ते पुरेसं आहे. युद्धासाठी फिटर, टर्नर, वेल्डर घडवणारी तांत्रिक प्रशिक्षण योजना होती. निवडक कामगारांना विलायतेतल्या कारखान्यांत शिकायला पाठवणारी बेव्हिन योजना होती. ७ ऑगस्ट १९४२ ला सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाभोवती बसवणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत भरली.

आणि २९ ऑक्टोबर १९४२ ला त्यांनी व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. सर्वांनी एकदा वाचावं असं ते आहे, कारण त्यात आसवं नाहीत, आकडे आहेत. नोकऱ्यांत राखीव जागा मागितल्या. विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी पैसे मागितले. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून आमची मुलं घ्या असं मागितलं. वर्कशॉप! चार वर्षांपूर्वी मनमाडला जो हिशोब मांडला होता, तो आता सरकारच्या टेबलावर ठेवला. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के जागा राखण्याचा हुकूम निघाला. १९४४-४५ पासून वर्षाला ३ लाख रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. तुमच्यापैकी ज्यांच्या खात्यात पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती आली, दोन वर्षं उशिरा का होईना, तिची ही सुरुवात. १९४६ मध्ये कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आयटी कंपनीतल्या मित्रांनी हसू नये.

पुढचं बघा. जुलै १९४५ मध्ये, युद्ध संपत आलेलं असताना, मजूर खात्याने पुनर्वसन आणि रोजगाराचं महासंचालनालय काढलं. सुटणारे सैनिक आणि कारखान्यांतून निघणारे कामगार यांना काम शोधून द्यायला. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज त्याच व्यवस्थेत वाढलं. युद्धासाठी काढलेली प्रशिक्षण केंद्रं बंद न करता १९५० मध्ये त्यांतून कारागीर प्रशिक्षण योजना उभी राहिली, म्हणजे आपली आयटीआय. मी जिथे पत्रा कापायला शिकलो ती शाळा. युद्धाच्या घाईत उघडलेलं दार नियमाच्या बिजागरीवर बसवलं गेलं, म्हणून ते १९२१ सारखं बंद झालं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीन काढायला लावण्याचा अधिकार सरकारांना दिला, पिण्याच्या पाण्याची सोय तर सगळ्याच कारखान्यांना सक्तीची केली. तो कायदा जातीबद्दल बोलत नाही. पण एका कॅन्टीनचं जेवण आणि एक नळ म्हणजे काय, हे ज्याने चवदार तळ्याचा इतिहास वाचलाय त्याला समजावून सांगायला नको.

बंगळूरचं काय झालं? १९४५ मध्ये अमेरिकन गेले. दुरुस्तीला विमानं येईनात. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. उरलेल्यांना कामाला लावायला कारखान्याने रेल्वेचे डबे बांधायला घेतले, संपूर्ण धातूचे, तिसऱ्या वर्गाचे. बॉम्बर जोडणारे हात तिसऱ्या वर्गाच्या डब्याला रिव्हेट मारू लागले, आणि मला विचाराल तर त्या हातांच्या घरच्यांना बॉम्बरपेक्षा त्या डब्याचा उपयोग जास्त झाला असेल. मग १९५१ मध्ये एचटी-२ हे पूर्णपणे इथेच आखलेलं शिकाऊ विमान उडालं. ते आखणारे डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचे. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले. त्यांचा अभिमान बाळगावा असंच काम आहे. पण मराठी माणसाचं विमान म्हणून जे लेख येतात त्यांत वालचंद असतात, घाटगे असतात, महाराज असतात, चाचणी वैमानिकही असतो. डॉली धरणारा नसतो. गेटवर त्याला टोकन नंबर असे, आणि इतिहासाने तो नंबरही ठेवला नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात हा इतिहास ठेवला गेला तो कारखान्याच्या कागदांत नव्हे, वस्त्यांत. दुसऱ्या महायुद्धात देहूरोडला लष्करी डेपो वाढला, आपली हजारो माणसं तिथे आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागली. माझे वडील देहूरोडलाच होते. युद्धानंतरचे, पण त्याच डेपोत. महिन्याच्या पगाराला शेतमालकाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, ही चैन आमच्या घरात त्यांच्यापासून आली. त्या कामगारवस्तीत २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्ती बसवली, धम्मदीक्षेच्या दोन वर्षं आधी. नागपूरची दीक्षाभूमी सगळ्यांना ठाऊक आहे. देहूरोडचं विहार हे युद्धसामग्री उचलणाऱ्या मजुरांच्या वस्तीत उभं आहे, आणि त्या मजुरांकडे वर्गणी द्यायला रोकड होती. गावकुसाबाहेर राहणाऱ्या आणि बलुत्यावर जगणाऱ्या माणसाकडे ती नसते.

१९६४ मध्ये बंगळूरचा कारखाना आणि मिग विमानांसाठी काढलेली नवी सरकारी कंपनी एकत्र करून आजचं हिंदुस्तान एरोनॉटिक्स झालं. मिगचा सांगाडा आपल्या नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला. ओझरच्या टाउनशिपने किती आयटीआयवाल्यांची मुलं शिकवली ते नाशिककर सांगतील. कोरापुटला आदिवासींच्या जमिनी गेल्या, हेही त्याच हिशोबात लिहायचं. एकाचं दार उघडताना दुसऱ्याचं घर जात असेल तर आपण टाळ्या जरा बेतानेच वाजवाव्यात.

आजची गोष्ट. ऑक्टोबर २०२४ मध्ये वडोदऱ्याला टाटा आणि एअरबस यांच्या सी-२९५ विमानाच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. लष्करी विमान, विकत घेणारं सरकार, पैसा तुमच्या-आमच्या कराचा, आणि कारखाना खासगी. खासगी म्हणजे राखीव जागा नाहीत. सरकारी कारखान्यांतही बरंच काम आता कंत्राटदाराच्या माणसांकडून होतं आणि कंत्राटदाराला रोस्टर नसतं. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टरांनी जो प्रश्न विचारला, सरकारी पैशाने खासगी विमान बनत असेल तर त्या कारखान्याच्या गेटवर सरकारचा नियम का नाही, तो आपल्याकडे अजून नीट विचारलाच गेलेला नाही. मोर्चाचं सोडा, मागणी म्हणून कागदावरसुद्धा फारसा नाही. तुमच्यातल्या कायदा शिकणाऱ्यांनी आणि एम.ए. अर्थशास्त्रवाल्यांनी हा विषय घ्यावा. संरक्षण खरेदीच्या करारांत ऑफसेटच्या अटी असतात, देशी भागाच्या टक्केवारीच्या अटी असतात. माणसांच्या अटी का नसाव्यात?

आणि एक काम सगळ्यांसाठी. सुट्टीत घरी जाल तेव्हा आजोबांना, वडिलांना, मामांना, आत्यांना विचारा, कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात, हुद्दा काय. ‘कंपनीत होते’ एवढ्यावर थांबू नका. सर्व्हिस बुक, टोकनचा बिल्ला, पीएफची चिठ्ठी, पेन्शनचा आदेश, आयटीआयचं सर्टिफिकेट, जे ट्रंकेत असेल त्याचे फोटो काढा. युद्धकाळातलं माणूस आता कुणाच्या घरी असणं कठीण, पण त्यांची ट्रंक अजून आहे. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने तिच्या आजोबांचा बिल्ला आणून दाखवला. पितळी, मधोमध भोक, त्यावर खात्याचं आद्याक्षर आणि नंबर. घरात तो देवळीत हळदीकुंकवाच्या डब्यात होता, कशाचा ते कुणाला माहीत नव्हतं. आम्ही नंबर उतरवून घेतला.

मी थांबतो. आता प्रश्न घेऊ. मागच्या ताई मघापासून हात वर करून आहेत, आधी त्यांना बोलू द्या.